गाव बिनविरोध करायचं म्हणतात, पण ठरवणार कोण?

ओसरी

मंडळी, जरा सल्ला हवाय. जानेवारी २०२१ मध्ये ज्या ग्रामपंचायतींची निवडणूक झाली, त्यांची पाच वर्षं भरली. आमचं गाव त्यातलंच. मी नोकरीसाठी चिंचवडला असतो, पण मतदार यादीत नाव गावातच आहे आणि दर वेळी मतदानाला जातो.

सध्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय आहे, यंदा पंचायत बिनविरोध करायची. कारणं तीन सांगतात. खर्च वाचेल, भांडणं होणार नाहीत, आणि बिनविरोध केलं तर भरघोस निधी देऊ असा शब्द आमदारांनी दिलाय. परवा मारुतीच्या देवळात बैठक झाली. सरपंचपद या वेळी महिलेसाठी राखीव आहे. नाव 'जवळपास ठरलं' असं कळवून ग्रुपवर बैठकीचा फोटो टाकला. सतरंजीवर बसलेल्या माणसांत एकही बाई नाही. ज्यांच्या घरचं नाव ठरलं, त्या घरचे दोघे मात्र पुढच्या रांगेत.

मी एवढंच लिहिलं की निदान ज्यांना सरपंच करायचंय त्यांना तरी बोलवा. तर ग्रुपवर 'शहरातल्यांनी गावात काड्या घालू नयेत' असं उत्तर आलं. वडीलही म्हणतात गप्प बस. इथल्या जाणत्यांना विचारतो, बिनविरोध निवडणूक चांगली की वाईट?

बांधावरचा

वडील बरोबर म्हणतात. राग मानू नका, पण तुम्ही मतदान करून दुसऱ्या दिवशी चिंचवडला जाता. आम्हाला त्याच बांधावर पाच वर्षं काढायची असतात.

निवडणूक म्हणजे काय ते सांगतो. एकेका वॉर्डात तीन-चारशे मतं. त्यातली कोणाची कुठं पडली हे निकालाच्या संध्याकाळी सगळ्यांना कळतं. मग विहिरीतल्या पाण्याच्या पाळीवरून, सामाईक बांधावरून सगळं उकरून निघतं. आमच्याकडं दोन चुलतभावांनी समोरासमोर अर्ज भरले, ते आजपर्यंत एकमेकांच्या मयतीला गेले नाहीत. महिनाभर रोज संध्याकाळी ढाब्यावर जेवणावळी, पोरं दारूला लागली. हरलेला कर्जात, आणि निवडून आलेला खर्च वसूल करायच्या मागं.

त्यापेक्षा चार शहाणी माणसं बसून ठरवत असतील तर बिघडलं कुठं?

शंकासूर

आमदारांच्या निधीचा फोटो टाका. आश्वासनाचा नको, निधीचा. 😄

जुना_ग्रामसेवक

नोकरीत असताना बिनविरोध पंचायती बऱ्याच पाहिल्या. (आता पदाचं नावही बदललंय. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं. आम्ही आपले जुनेच.)

कागदावर सगळ्या बिनविरोध निवडणुका सारख्या दिसतात. अर्ज माघारीची वेळ संपली, जागेइतकेच उमेदवार उरले, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने जाहीर केलं, विषय संपला. ते उरले कसे, हे त्या कागदावर येत नाही. कुठे खरंच गावाचा एखाद्यावर विश्वास असतो आणि बाकीचे मनापासून थांबतात. कुठे अर्ज भरायला निघालेल्याला तहसीलच्या फाटकावरून परत आणतात. आणि कुठे लिलाव होतो. हे मी हवेत बोलत नाही. जानेवारी २०२१ मध्येच राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द केली होती. पदांची बोली लागल्याच्या चित्रफिती बाहेर आल्या होत्या. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या होत्या, आणि कारण काय, तर देवळासाठी. पैसा देवाच्या नावाने जमा झाला की विचारणाऱ्याचं तोंडही बंद होतं.

आता निधीबद्दल. ग्रामपंचायतीचा सगळ्यात भरवशाचा पैसा म्हणजे वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला (मुदत मार्च २०२६ पर्यंत) ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला यायचा, १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के जिल्हा परिषदेला. तो लोकसंख्या आणि क्षेत्रफळ बघून ठरायचा. निवडणूक बिनविरोध झाली की चुरशीची, त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्यातला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, अबंधित कशावर हे गावाने आराखड्यात ठरवायचं. आमदार देतील ते वेगळं, आणि ते दुसऱ्या वाटेनेही मिळतं. तेव्हा 'निधीसाठी बिनविरोध' हे कारण मी तरी बाजूला ठेवीन.

खर्चाचं आणि भांडणांचं कारण मात्र खरं आहे. बांधावरचा यांनी लिहिलंय तसंच घडतं.

बांधावरचा

चला, एक तरी मुद्दा मान्य झाला.

चिंचेची_सावली

मी एक टर्म सदस्य होते, बिनविरोधच. माझं नाव बैठकीत ठरलं तेव्हा मी घरी भाकरी करत होते. सासऱ्यांनी येऊन सांगितलं, उद्या तालुक्याला जायचंय, ओळखपत्र काढून ठेव. अर्जावर सही केली तेव्हा वॉर्ड कितवा हेही मला माहीत नव्हतं. नंतर शिकले, भांडले, दोन कामं मार्गी लावली, तो भाग वेगळा.

बांधावरचा दादा, तुमच्या 'चार शहाण्या माणसां'बद्दल बोलते. देवळातली बैठक म्हणजे उघड मतदान. तिथे कोण बसतं? ज्यांची जमीन आहे, ज्यांचा आवाज आहे, ज्यांना त्या पारावर बसायची सवय आहे. वस्तीवरची माणसं मागे उभी असतात, बायका नसतातच. गड्याला मालकाच्या समोर 'मला हे नाव मान्य नाही' म्हणता येतं का? गुप्त मतदान हेच तर त्याला आणि मला वर्षानुवर्षं मिळालेलं एक ठिकाण आहे, जिथे पडद्यामागे सासरा नसतो आणि मालकही नसतो. तुम्ही बिनविरोध करता तेव्हा भांडण मिटवता हे खरं, पण पेटीही काढून घेता. पेटीचा हक्क सगळ्यांचा होता आणि बैठकीचा हक्क चौघांचाच आहे. बिनविरोध झालं की 'नोटा'सुद्धा दाबता येत नाही.

राखीव जागेवर तर हे दुप्पट होतं. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, तिने एक तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा आहेत. म्हणजे निम्मं सभागृह बायकांचं, आणि ती नावं ठरवायला सतरंजीवर सगळे पुरुष. मग निवडून येते ती वहिनी आणि कारभार बघतो तो भाऊ. हल्ली पंचायतीचे पैसे ऑनलाइन निघतात, त्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. ती सही ज्या पेन ड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते, ते सरपंचबाईंचं डोंगल कोणाच्या खिशात असतं, एवढं विचारा म्हणजे त्या गावचा खरा सरपंच कळेल.

आणि जी बाई स्वतः कारभार करायला लागते तिचं काय होतं? जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईंना पदावरून काढलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२४ मध्ये त्यांना पद परत मिळालं. बाई सरपंच म्हणून निर्णय घेते हे गावकऱ्यांना पचलं नाही, अशा अर्थाचं निरीक्षण न्यायालयाने तेव्हा नोंदवलं. तिला दिल्लीपर्यंत जावं लागलं हो.

रानवाट

+१. डोंगलचा मुद्दा अगदी बरोबर.

गोंडवनी

गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर काम करतो म्हणून दुसरी बाजू मांडतो. एकमताने ठरवणं मुळात वाईट नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांना माहीत असतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने चालते. बहुमताने ठरवायचं नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला, मग तिसऱ्या सभेला. सोबत अभ्यास गट असतो, तिथे बाहेरच्या माणसालाही बोलवून विषय समजून घेतात. पण निर्णय ग्रामसभेतच. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी याच पद्धतीवर कित्येक वर्षं घालवली.

हे नुसतं गोडगोड नाही. २००९ मध्ये या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक पास लागतो आणि तो वनखात्याच्या हातात. त्यासाठी झगडावं लागलं. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. पुढे २०१३ मध्ये गावाने जमिनी ग्रामदान केल्या, म्हणजे मालकी सगळ्या गावाची केली. एवढे मोठे निर्णय हात वर करून बहुमताने झाले असते, तर निम्मं गाव दुसऱ्या दिवशी फिरलं असतं.

तेव्हा सहमतीला नावं ठेवू नका.

बांधावरचा

हेच तर म्हणतोय मी!

गोंडवनी

नाही दादा, हे नाही. मेंढ्यात ज्याला पटलं नाही त्याच्यासाठी सभा थांबते. ओसरींच्या गावात ज्याला पटलं नाही त्याला 'काड्या घालू नको' म्हणतात. मेंढ्याची सहमती दर सभेत नव्याने मिळवावी लागते, कितीही वेळ लागो. तुमच्याकडे पाच वर्षांतून एकदा सतरंजी टाकायची आणि पुढची पाच वर्षं ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, भरत नाही. आणि मेंढा हे एकच छोटं गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात. दहा वाड्या-वस्त्यांच्या ग्रामपंचायतीत ते जसंच्या तसं उचलता येणार नाही, हेही मान्य.

जुना_ग्रामसेवक

कोरमचा विषय निघालाच आहे तर खरी गोम सांगतो. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तो. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमवायची, फार नाही. तरी जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. तिथे दहा-बारा जण बसले तरी कामकाज चालतं. घरकुलाची यादी, आराखडा, कामांची निवड सगळं तिथे. नंतर प्रोसिडिंग बुक (सभेच्या नोंदींची वही) सह्यांसाठी घरोघर फिरतं. काही सरपंचांना पहिली सभा तहकूब झालेलीच बरी वाटते, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय.

बिनविरोध गावात हे जास्त होतं असं माझं मत. कारण समोरचं पॅनलच नसतं. दोन पॅनल असले की हरलेला निदान प्रश्न तरी विचारतो, माहिती अधिकारात कागद मागतो. त्रास असतो तो आम्हाला, पण हिशेब नीट राहतो.

शंकासूर

म्हणजे ग्रामसेवकांनाच विरोधी पक्ष हवा असतो, हे आज नव्याने कळलं.

जुना_ग्रामसेवक

नोकरीत असताना नको होता. निवृत्तीनंतर हवासा वाटतो.

पेठेतला_नाही

शहरातून लिहितोय, अवांतर वाटलं तर सोडून द्या. तुमच्याकडे निदान देवळात बैठक तरी झाली. पुण्यात मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकच. मुंबईतही तेच. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या खटल्यांत सगळं अडकलं. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि २०२६ च्या १५ जानेवारीला मतदान झालं. या काळात आमच्या गल्लीतलं ड्रेनेज फुटलं तर नगरसेवक नाही, माजी नगरसेवक म्हणतो माझ्या हातात काही नाही, आणि क्षेत्रीय कार्यालयात साहेब मीटिंगला गेलेले. राज्यघटना म्हणते मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे.

गंमत म्हणजे एवढी वाट बघून निवडणूक आली, तर मतदानाआधीच राज्यभरात साठाहून जास्त नगरसेवक बिनविरोध! त्यात बहुतेक सत्ताधारी पक्षांचे. कल्याण-डोंबिवलीत तर रांगच लागली. आयोगाने अहवाल मागवले. आता लाखो मतदारांच्या शहरात 'भावकीत वितुष्ट नको' हे कारण कोण देणार? गावात बिनविरोधला एक नैतिक झालर आहे, शहरात तीही नाही.

रानवाट

पुण्यात नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायची योजना होती ना? त्याचं काय झालं?

पेठेतला_नाही

नागरिकांचं अंदाजपत्रक. २००६ च्या सुमारास सुरू झालं, तेव्हा देशात नवीनच होतं. अर्ज भरून आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवायचं. मीही बाक आणि फुटपाथ सुचवलेत. एक झालं, बाकीच्यांचा पत्ता नाही. पण मुळात अर्ज भरणं म्हणजे सहभाग नाही. समोरासमोर बसून, तुझ्या बाकापेक्षा माझी गटारी आधी का, हे कुठे बोलायचं? शहरासाठी क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात २००९ मध्येच आली आहे, ती कागदावरच राहिली. ग्रामसभेची टिंगल करणाऱ्या शहरी लोकांना स्वतःची सभाच नाही.

म्हादई

गोव्यातून. आमच्याकडे ग्रामसभा बघायला या एकदा. रविवारी असते आणि जमिनीच्या रूपांतराचा किंवा मोठ्या प्रकल्पाचा विषय असला की हॉल भरतो, आवाज चढतो, कोरमची चिंता नसते. सरपंच मात्र लोक थेट निवडत नाहीत, पंच निवडतात. त्यामुळे अविश्वास ठराव सतत चालू. आज हा, सहा महिन्यांनी तो. तुमच्याकडे थेट सरपंच आहे ना?

जुना_ग्रामसेवक

आहे. २०१७ मध्ये थेट निवड आणली, २०२० मध्ये सरकार बदलल्यावर काढली, २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि ती परत आली. प्रत्येक वेळी लोकशाहीचंच कारण सांगितलं.

थेट सरपंचाचा बिनविरोधशी संबंध आहे, तो ओसरींनी लक्षात घ्यावा. पूर्वी बैठकीत 'अडीच वर्षं तुमचा, अडीच वर्षं आमचा' असं ठरायचं. काही गावांत तर दर वर्षी नवा. सरपंच राजीनामा द्यायचा, सदस्य दुसऱ्याला निवडायचे. आता सरपंचाने राजीनामा दिला तर पुन्हा लोकांतून निवडणूक घ्यावी लागते. त्याला काढायचं तर आधी तीन चतुर्थांश सदस्यांचा ठराव आणि मग ग्रामसभेत गुप्त मतदान. म्हणून आज देवळात जे नाव ठरेल ते बहुधा पाच वर्षं राहणार. वाटून घ्यायची सोय संपली आहे, पण बैठकीतली माणसं अजून जुन्याच हिशेबाने शब्द देतात. अडीच वर्षांनी शब्द मोडला की आधी टाळलेलं भांडण तेव्हा होतं.

बांधावरचा

हे मात्र आमच्याकडं झालंय. अडीच वर्षांचा शब्द होता. पाळला नाही. आता दोन्हीकडची माणसं पंचायतीत येत नाहीत.

तरी एक सांगतो. हिवरे बाजारला तीस वर्षं बिनविरोध होती. पोपटराव पवारांनी गावाचं सोनं केलं, पद्मश्री मिळाली. तिथं काय बिघडलं होतं?

चिंचेची_सावली

काही बिघडलं नव्हतं. पण तिथली पुढची गोष्टही सांगा ना. २०२१ मध्ये तिथे समोर पॅनल उभं राहिलं, तीस वर्षांनी मतदान झालं. पोपटरावांचंच पॅनल निवडून आलं. गावाचं पाणी आटलं नाही की झाडं वाळली नाहीत. चांगलं काम केलेल्याला मतदानाची भीती कशाला? उलट आता ते म्हणू शकतात, लोकांनी पेटीतून कौल दिला.

आणि मतदान घेतलं की गाव फुटतं, हे दर वेळी खरं नाही. दारूबंदीसाठी बायका मतदान मागतात, उभी बाटली की आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, नुसत्या झालेल्या मतदानातली नव्हे. दुकानदार गावातलाच, कोणाचा तरी भाऊ, कोणाचा दीर. तरी बायका गुप्त मतदान करून येतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच दळणाच्या रांगेत उभ्या राहतात. बैठकीत हात वर करायला सांगितलं असतं तर किती हात वर गेले असते?

गोंडवनी

ताई, दंडवत. या मुद्द्यावर मी गप्प.

हेरवाडचंही उदाहरण इथे बसतं. कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव ग्रामसभेने केला. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तो कित्ता घ्यायला सांगितलं. ग्रामसभा फक्त गटारी आणि पेव्हर ब्लॉकसाठी नसते.

ओसरी

सगळ्यांचे आभार, एवढं उलगडून कोणी सांगितलं नव्हतं. काल वडिलांना हा धागा वाचून दाखवला. ग्रामसेवक साहेबांचा अडीच-अडीच वर्षांचा मुद्दा त्यांना पटला, कारण आमच्याकडेही तोच शब्द दिला गेलाय. बाकीचं ऐकून म्हणाले, तुझी आई काय म्हणते ते विचार.

आईला विचारलं. ती म्हणाली, बचत गटातल्या एकीला उभं राहायचं आहे, सगळ्यांना माहीत आहे, पण तिचं नाव देवळात कोण घेणार? ती वस्तीवरची आहे. मी त्या ताईंशी फोनवर बोललो. अर्ज भरायचाच म्हणतात. पडलं तरी चालेल, पण 'मला विचारलंच नाही' हे आता नको, हे त्यांचे शब्द. मी ग्रुपवर अजून काही लिहिलेलं नाही.

आता प्रश्न, त्यांनी आत्तापासून काय तयारी करावी? पद इतर मागास प्रवर्गातल्या महिलेसाठी आहे, त्या त्या प्रवर्गात बसतात.

बांधावरचा

माझं मत अजून तेच आहे, झालं तर बिनविरोध बरं. पण त्या बाईला उभं राहायचंच असेल तर तहसीलच्या फाटकावर कोणी अडवू नये, एवढं मी म्हणेन. सोबत दोन-चार माणसं घेऊन जा म्हणावं. एकटीने नको.

चिंचेची_सावली

आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, ती बहुतेक ठिकाणी फक्त वहीत होते. तुमच्या आईला आणि बचत गटाला ती मागू द्या. वेळ दुपारची मागा, स्वयंपाकाच्या वेळेला नको. त्यांनी तिथे बोलायला सुरुवात केली की देवळातल्यांनाही नाव टाळता येणार नाही.

जुना_ग्रामसेवक

ओसरी, तयारी सांगतो. पहिलं काम जातवैधतेचं. प्रमाणपत्र हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज आजच टाका आणि पावती जपून ठेवा. ऐन वेळी गर्दी होते आणि राखीव जागेवरचे बरेच अर्ज तिथेच अडतात. दुसरं, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरून पावती घ्या, छाननीत पहिली हरकत त्यावर येते. घर सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असलं तरी भरून टाका. तिसरं, त्यांचा जन्म १९९५ किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पासचा दाखला लागेल, शाळेतून काढून ठेवा. अपत्यांची अटही तपासा, १२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं मूल असेल तर अपात्रता येते. घरात शौचालय आहे आणि वापरात आहे, याचाही दाखला मागतात.

मतदार यादीत नाव कसं छापलंय ते बघा. माहेरचं-सासरचं नाव वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. सूचक भरवशाचा हवा, ऐन वेळी फिरणारा नको. अर्ज भरायचा पहिला दिवस पकडा. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो.

काही अडलं तर इथेच लिहा, मी रोज सकाळी बघतो.